आमच्या कानाचा मालक कोण?

(नंदुरबार येथे जयंतीच्या तयारीसाठी भरलेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. काही शिव्या काढल्या, काही राहू दिल्या.)



मला भाषण येत नाही. मला ओझं येतं. मुंबईला इंदिरा गोदीत मी कंत्राटी मजूर आहे. जहाजाच्या पोटातला माल शेडपर्यंत आणि शेडमधला माल ट्रकपर्यंत, एवढंच माझं विश्व. दहावी पास झालो तेव्हा माझ्या मायनं गल्लीत पेढे वाटले होते. त्यानंतर वाटण्यासारखं काही घडलं नाही. कविता लिहितो. दोन-चार अशाच अंकांतून छापून आल्या. तेवढ्यावर इथल्या पोरांनी 'कवी आले' म्हणून मला पुढं बसवलं. पुढं बसायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या, नाहीतर खाली ओढा.

मी आलो तेव्हा इथं भांडण चाललं होतं. मिरवणुकीत कुणाचा डीजे लावायचा आणि कुणाची गाणी वाजवायची. एक गट म्हणतो आनंद शिंदे, दुसरा म्हणतो आदर्श शिंदे, म्हणजे बाप की लेक. तिसरा म्हणतो नुसता बेस पाहिजे, गाणं कुठलंही चालेल. मागच्या वर्षी ह्याच भांडणात पेन ड्राइव्ह हिसकावताना एकाचं डोकं फुटलं, चार टाके पडले. टाके पडलेला इथंच बसलाय, हसतोय. हस बाबा. पण मी तुला एक विचारतो. डोकं फुटेपर्यंत तू ज्या गाण्यासाठी भांडलास, ते तुला का आवडतं? सांग चारचौघांत.

बघा, गप्प झाला.

माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. आपण गाण्यासाठी डोकं फोडतो, पण गाण्याबद्दल बोलत नाही. आवडतं म्हणजे का आवडतं, नाही आवडत म्हणजे का नाही, हे आपल्याला कुणी विचारलं नाही. आपणही एकमेकांना विचारलं नाही. हजारो वर्षं आपल्याला तोंड नव्हतं, हे आपण ओरडून सांगतो. अरे, पण कान तरी आपले आहेत का? आपल्या कानात काय जावं हे दुसराच ठरवतो आणि आपण माना हलवतो. सुरुवात माझ्या घरापासून करतो. दुसऱ्याच्या घरापासून करणं सोपं असतं.

आमचं घर वाजंत्र्यांचं. मांगवाड्यातलं. माझा बाप बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात फाटकी स्लिपर. खानदेशात लग्नसराईत बँडवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, तिकडं साक्री-दोंडाईचा. टेम्पोत बसायचं, उतरायचं, फुंकायचं, परत बसायचं. नवरदेव घोड्यावर, बाप रस्त्यावर. जेवण शेवटच्या पंगतीला, मांडवाबाहेर. कुणी मुद्दाम 'बाहेर बसा' म्हणायचं नाही. म्हणायची गरजच नव्हती. बँडवाले आपोआप बाहेर बसायचे. जात अशी आपोआप बसते.

पंधरा वर्षांचा असताना मी चळवळीच्या सभांना जायला लागलो. तिथं ऐकलं की लोकांच्या दारात वाजवणं ही गुलामीची खूण आहे, धर्मांतरानंतर आपल्या लोकांनी गावकीबरोबर वाजवणंही टाकून दिलं. माझं डोकं पेटलं. घरी येऊन बापाला म्हणालो, उद्यापासून क्लॅरनेटला हात लावायचा नाही. बाप माझ्याकडं बघत राहिला. मग आमच्या अहिराणीत म्हणाला, "वाजाडनं सोडं तं खासूत काय?"

त्याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही पूर्ण नाही. पण त्या दिवसापासून मी बापाची लाज बाळगायला लागलो. बँड आमच्या शाळेपुढून गेला की मी तोंड फिरवायचो. त्याच्या क्लॅरनेटमधून काय निघतं ते मी ऐकलंच नाही. चळवळीनं मला ताठ मान दिली, ते ऋण मी मानतो. पण त्याच मानेनं मी बापाकडं पाठ फिरवली, हेही लिहून ठेवा.

२०१६ साली 'सैराट' आला. अजय-अतुलचं संगीत. त्यातल्या सुरावटी वाजवायला अमेरिकेत लॉस एंजेलिसचे वादक बसवले होते. आपल्या नागराज मंजुळेच्या सिनेमासाठी गोरी माणसं व्हायोलिन वाजवतात, ह्याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. त्या उन्हाळ्यात आणि पुढचे कितीतरी उन्हाळे प्रत्येक वरातीत एकच फर्माईश: झिंगाट. बापाच्या बँडनं दोन दिवसांत ते बसवलं. बाप सांगायचा, एका रात्रीत वीस-वीस वेळा वाजवावं लागतं, ओठ सुजतात.

आता नीट ऐका. तो सिनेमा कसा संपतो? जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीच्या माहेरचे लोक दोघांना संपवतात. लहान पोर रक्ताची पावलं उमटवत निघून जातं. तो सिनेमा बघून आलेले लोक त्यातल्याच गाण्यावर वरातीत नाचत होते. आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या पोरीनं माझ्या बापाच्या पोराशी, म्हणजे माझ्याशी, लग्न करतो म्हटलं असतं तर? तीच वरात कोयते घेऊन आली असती. गाणं त्यांच्या पायात गेलं, डोक्यात नाही गेलं. दोष गाण्याचा नाही. गाणं मला आजही आवडतं. पण तेव्हापासून मी स्वतःला विचारतो: हे गाणं माझ्या पायातच थांबतंय का?

आता न आवडणारी गाणी. ह्याची यादी करायला आपल्याला भीती वाटते. त्यांची गाणी नावडली तर ते म्हणतात तुम्हाला संस्कृती नाही. आपली नावडली तर आपलेच म्हणतात तू गद्दार. मी दोन्हीकडच्या शिव्या खायची तयारी ठेवून बोलतो.

शाळेत आम्हाला एक गुरुजी होते. गळा गोड. 'गीतरामायण' म्हणजे त्यांचा जीव. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गाणी पुणे आकाशवाणीवरून झाली. घराघरांत लोक रेडिओला हार घालून ऐकायचे म्हणे. आमच्या गल्लीत तेव्हा रेडिओ नव्हता, हार सोडाच. गुरुजींनी ती गाणी आमच्याकडून घोकून घेतली. माझा आवाज बरा होता, मला पुढं उभं करायचे. चाल गोड आहे. आजही कानावर आली की मी थांबतो. खोटं बोलणार नाही, फडक्यांचा सूर मोठा आहे.

पण छप्पन्न गाण्यांत शंबूक नाही. राम आहे, सीता आहे, लक्ष्मण आहे, शबरी आहे, उष्टी बोरं आहेत. उष्टी बोरं देणारी भिल्लीण चालते. तप करणारा शूद्र, ज्याचं मुंडकं रामानं उडवलं, तो गाण्यात बसत नाही. त्याच्यासाठी चाल सुचली नाही. मोठा झाल्यावर हे कळलं तेव्हा लहानपणची ती सगळी गाणी माझ्या घशात अडकली. माझ्याच तोंडून माझ्याच माणसाला वगळून घेतलं होतं. म्हणून 'गीतरामायण' मला आवडतं आणि आवडत नाही. एकाच वेळी. असं असू शकतं, मित्रांनो. आवड म्हणजे निवडणूक नव्हे, एकाच चिन्हावर शिक्का मारायला.

आता आपल्या घरात येतो. इथं जास्त दुखणार आहे.

प्रल्हाद शिंदे. त्यांचा आवाज म्हणजे काळ्या दगडातून पाणी फुटावं तसा. भीमगीतं त्यांनी गायली, आणि विठ्ठलाची, खंडोबाची, सत्यनारायणाची गाणीही त्यांनीच गायली. आपल्यातले कडक लोक म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर ही गाणी कशाला? मीही म्हणायचो. त्यांची भक्तीची कॅसेट मी एकदा मामाच्या घरी टेपमधून काढून फेकली होती. मामानं कानाखाली आवाज काढला. तोही सुरातच होता.

आज मी काय म्हणतो? पंढरपूरच्या देवळात १९४७ पर्यंत आपल्या माणसाला पाय टाकता येत नव्हता. सानेगुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं. आणि आज आषाढीला सगळा महाराष्ट्र ज्या आवाजाच्या मागं पंढरीला चालतो, तो आवाज आपल्या प्रल्हाद शिंद्यांचा आहे. देवळाबाहेर ठेवलेल्या माणसानं सगळ्या वारीच्या कानाचा कब्जा घेतला. हा विजय आहे की हार? मी रात्र-रात्र विचार केला आहे. देव मला नको. ते गाणं मी लावत नाही. पण तो आवाज मी फेकून देणार नाही. त्या माणसाला पोट होतं, बाजाराला जे खपतं ते हवं होतं. माझ्या बापाला झिंगाट वाजवायला लावणारा आणि त्यांना सत्यनारायण गायला लावणारा बाजार एकच. तुम्हाला पटत नसेल तर भांडा. पण कॅसेट ऐकून भांडा, फेकून नको.

वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस. १९२२ चा जन्म. लहानपणी शाळा नाही, अक्षर शिकला ते मोठेपणी मुंबईत. कोळशाच्या वखारीत राबला, चिक्की विकली. १९४३ साली त्यानं पहिलं गाणं केलं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. आणि पुढं हजारोंनी गाणी लिहिली. लिहिली, गायली, वाटून टाकली. गावोगाव गायन पार्ट्या त्याची गाणी म्हणायच्या. १९९३ साली वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं तेव्हा ह्या बिनशाळेच्या माणसाला अध्यक्ष केलं. २००४ च्या मे महिन्यात तो गेला आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. एकाच उन्हाळ्यात आपले दोन्ही कान बहिरे झाले.

वामनदादा मला का आवडतो ते सांगतो. मी एक कसोटी केली आहे, तुम्हीही करून बघा. कुठल्याही भीमगीतातून बाबासाहेबांचं नाव काढा आणि तिथं आजच्या एखाद्या पुढाऱ्याचं नाव घाला. गाणं तसंच चालू राहिलं तर समजा गाणं फुकट आहे, नुसता बॅनर आहे. वामनदादाच्या गाण्यात असं करून बघा. गाणं पुढाऱ्याला ओकून टाकतं. त्यात भाकरी आहे, विहीर आहे, पुस्तक आहे, बाईचा हात आहे. दुसऱ्याचं नाव तिथं टिकतच नाही.

आता ह्या कसोटीवर तुमचा पेन ड्राइव्ह लावा. सायरन वाजतो. मग एक भारदस्त आवाज येतो, 'कोण आला' म्हणून विचारतो. मग बंदुकीच्या गोळ्या. मग बाप, वाघ, राजा, डॉन. मग बेस, छातीची फळी हादरते. गाणं संपतं. काय कळलं? १९२७ साली महाडला पाणी कसं हातात घेतलं ते कळलं? १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपले दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड इथून किती लांब आहे? मी मजूर आहे, मला ते भाषण पाठ पाहिजे. त्यावर एक गाणं मला ह्या पेन ड्राइव्हमधून काढून दाखवा. मी आज रात्री तुमच्याबरोबर नाचतो.

मी डीजेच्या विरुद्ध नाही. वर्षभर मान खाली घालून चालणाऱ्या पोराला एक दिवस रस्ता आपला वाटतो, आवाज आपला वाटतो. त्याला 'ध्वनिप्रदूषण' म्हणणारे बाकीच्या मिरवणुकांत कानात बोळे घालून बसतात, हे मला माहीत आहे. पण आवाज मोठा झाला म्हणजे म्हणणं मोठं होत नाही. गोदीत क्रेन फार मोठ्यानं ओरडते. तिला काही म्हणायचं नसतं.

आणि गाणं ही गंमत नाही, हेही ऐकून ठेवा. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपल्या एका तरुण पोराचा खून झाला. लग्नाला आला होता. खिशातला मोबाईल वाजला, रिंगटोन भीमगीताची होती, त्यावरून भांडण काढून मारलं, असा गुन्हा नोंदला गेला. एवढंसं गाणं. खिशात मावणारं. ज्या गाण्यासाठी पोरगं जिवाला मुकतं, ते गाणं आपण घासून-पुसून नीट करायला नको? त्या रिंगटोनच्या तोलाचा एक तरी शब्द त्या सायरनच्या गाण्यांत आहे का? मला राग ह्याचा येतो. आपलं गाणं एवढं महाग आहे आणि आपण ते एवढं स्वस्त करून टाकलं.

आता ज्यांचं नाव कुठल्याच पेन ड्राइव्हवर नाही त्यांच्याबद्दल. माझी माय मिरचीच्या पथारीवर जायची. नंदुरबारची मिरची तुम्हाला सांगायला नको. लाल समुद्र पसरलेला आणि त्यात बाया बसलेल्या, देठ खुडत. तोंडाला पदर, डोळ्यांतून पाणी, दर चौथ्या शब्दाला ठसका. त्यात त्या गायच्या. जात्यावरच्या ओव्या, पण त्यात आता रमाई आली होती, भीमराव आला होता, शाळेत जाणारं पोर आलं होतं. ओवी अर्धी व्हायची, ठसका लागायचा, दुसरी बाई पुढची अर्धी उचलायची. मी पायाशी खेळत ऐकायचो. जगात त्याच्यासारखी कव्वाली मी ऐकली नाही. त्याची कॅसेट निघाली नाही. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन गायल्या, कुणीतरी मोबाईलवर टिपलं, आणि सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. मला त्यांचा आवाज आवडतो कारण तो घासलेला नाही, त्यात ठसका आहे. पण एक कडुबाई सापडली म्हणून आपण खूश. पथारीवरच्या चाळीस बाया? त्यांना मिरवणुकीत आपण मागं चालवतो, पांढरी साडी नेसवून. माईक कधी दिला?

आणि अजून एक. माझ्याबरोबर दहावीपर्यंत एक भिल्ल मित्र होता, धडगावकडचा, आश्रमशाळेतून आलेला. होळीला तो मला काठीला घेऊन गेला. रात्रभर ढोल. अंगाला राख फासलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे. पहाटेपर्यंत कुणी थांबलं नाही. माझा बेसचा सगळा गर्व त्या रात्री उतरला. त्याच मित्राला मी जयंतीला घेऊन आलो. तो नाचला. मग म्हणाला, "तुमचा बाबा आमचापण म्हणता, मग आमचं गाणं एक तरी लावा." मी हसून विषय बदलला. शहाद्याचे वाहरू सोनवणे भिल्ल कवी आहेत, १९८७ साली त्यांचा 'गोधड' हा संग्रह आला. त्यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. स्टेजवर बसलेले लोक आदिवासींना त्यांचंच दुःख समजावून सांगतात आणि आदिवासी खाली बसून राहतात, असं तिचं म्हणणं. ती वाचली तेव्हा मला मित्र आठवला. त्या दिवशी स्टेजवर मी होतो. सवर्ण नव्हता दुसरा कुणी. मीच.

आता थोडं गोदीत चला, मग संपवतो.

रात्रपाळीला आमच्याकडं एक जुना टॅली क्लार्क होता. माल मोजणारा. आम्ही पोती वाहायची, त्यानं वहीत रेघा मारायच्या. एकदा पहाटे माल संपत आला तेव्हा त्यानं मोबाईलवर एक इंग्रजी गाणं लावलं. म्हणाला, हे आपलं गाणं आहे. हॅरी बेलाफोंटे नावाचा काळा गायक, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेला, आई जमैकाची. 'कॅलिप्सो' नावाची त्याची रेकॉर्ड, दहा लाखांवर खपली. त्यातलं पहिलंच गाणं जमैकाच्या गोदी कामगारांचं. रात्रभर जहाजावर केळी लादलेले मजूर पहाटे टॅली क्लार्कला सांगतात, मोज बाबा आमचे घड आणि आम्हाला घरी जाऊ दे. मला इंग्रजी येत नाही. पण मला ते गाणं पहिल्या हाकेलाच कळलं. पाठीला कळलं. मी त्या क्लार्कला म्हणालो, साहेब, हे तुमचं गाणं नाही, तुम्हाला मारलेली हाक आहे. गाणं आमचं आहे.

ती रेकॉर्ड निघाली १९५६ साली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्याच्या रेडिओवर 'गीतरामायण' संपलं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो माणसांसह जुनी कात टाकली. तिन्ही एका वर्षाची लेकरं. पहिल्यात माझी पाठ आहे, दुसऱ्यात माझी शाळा आहे, तिसऱ्यात माझं डोकं आहे. मला तिन्ही ऐकायची आहेत आणि प्रत्येकाबद्दल माझं मत मीच देणार आहे. कान माझे आहेत.

पण बेलाफोंटेचं नाव राहिलं, केळी वाहणाऱ्याचं नाही. ज्यानं ते गाणं पहिल्यांदा अंधारात ओरडलं त्याचं नाव कुठल्याच रेकॉर्डवर नाही. मला तिथं परत माझा बाप दिसला.

मागच्या दिवाळीला मी घरी आलो. बापाचे पुढचे दोन दात पडले आहेत. क्लॅरनेटला ओठाइतकाच दात लागतो. दात गेले आणि वाजवणं गेलं. तसंही डीजेनं बँड संपवलाच होता, २०२० च्या टाळेबंदीत लग्नं बंद झाली तेव्हा उरलेला तोही मोडला. क्लॅरनेट पेटीत आहे, पेटी खाटेखाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलं, "बा, तुले कोनतं गानं आवडस?"

चाळीस वर्षं ज्यानं लोकांच्या आवडीचं वाजवलं, त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बायकोनं नाही, पोरानं नाही, चळवळीनं नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "गाडीमा वाजाडतस ना आम्ही, ते."

वरात संपल्यावर, पैसे मिळाल्यावर, मध्यरात्री टेम्पो परत निघायचा. लाल कोट काढून उघड्या अंगानं सगळे बसायचे. तेव्हा कुणाचीही फर्माईश नसायची. तेव्हा बाप वामनदादाचं एक गाणं काढायचा. हळू. नुसता सूर, शब्द नाही. ढोलवाला बोटांनी पत्र्यावर ठेका धरायचा. रस्त्यावर कुणी नाही, ऐकायला कुणी नाही. ज्याला मी गुलाम समजत होतो तो रोज रात्री टेम्पोत स्वतंत्र होत होता, आणि मला पत्ता नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी आहे. मिरवणूक काढा, डीजे लावा, नाचा. पण जयंतीच्या आदल्या रात्री ह्याच ओट्यावर सामना लावा. जुन्या काळी गायन पार्ट्यांचे सामने व्हायचे. दोन पार्ट्या समोरासमोर, सवालाला जवाब, आणि चूक झाली की पब्लिक तिथल्या तिथं टोकायचं. न शिकलेली माणसं रात्रभर बसून गाण्याचा न्याय करायची. ते कान आपण हरवले, ते परत आणू. प्रत्येकानं दोन गाणी आणायची. एक आवडतं, एक नावडतं. आणि दोन्हींचं कारण सांगायचं, सगळ्यांसमोर. 'आपल्या माणसानं गायलं म्हणून' हे कारण चालणार नाही. 'त्यांच्या माणसानं गायलं म्हणून' हेही चालणार नाही. पहिला माईक पथारीवरच्या बायांना. दुसरा धडगावच्या ढोलाला. मग तुम्ही-आम्ही. आनंद की आदर्श, ते भांडण तिथं करा. पण तोंडानं. टाके नकोत.

माझी दोन गाणी ठरली आहेत. नावडतं कोणतं ते त्या रात्री सांगीन, मार खायची तयारी ठेवून. आवडत्यासाठी मी बापाला घेऊन येणार आहे. दात नाहीत, फुंकता येणार नाही. तो नुसता गुणगुणेल.

तेवढा वेळ डीजे बंद ठेवा.

जय भीम.